पैनगंगेपलीकडचा देश

हदगावहून उमरखेडकडे निघालेली एसटी मार्लेगावच्या पुलावर येते, तेव्हा गाडीतील कोणी मुद्दाम खिडकीबाहेर पाहतेच असे नाही. उन्हाळ्यात खाली खडक आणि डबकी, पावसाळ्यात गढूळ लोंढा. पूर मोठा असला की वाहतूक ठप्प होते. एरवी मिनिटभरात नांदेड जिल्हा संपतो आणि यवतमाळ जिल्हा सुरू होतो. दोन्ही जिल्हे एकाच राज्याचे. भाषा एक, पिके एक, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या सोयरिकीही एकमेकांत गुंतलेल्या. परंतु १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या तेरा महिन्यांत हीच पैनगंगा दोन देशांमधील सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे स्वतंत्र भारत. त्या काळी हदगाव परिसरातील माणसाला देश सोडण्यासाठी जहाजाचे तिकीट लागत नव्हते की पारपत्र. बैलगाडी नदीत उतरवण्याचे धैर्य आणि कधी तरी परत येण्याची आशा, एवढे त्याला पुरत होते.

देशत्याग म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. पहिले फाळणीचे: पंजाबातील काफिले आणि माणसांनी खचाखच भरलेल्या आगगाड्या. दुसरे अलीकडच्या सुखवस्तू काळातले: मुंबईतील अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला निघालेले तरुण आणि विमानतळावर डोळे पुसणारे आईवडील. एक सक्तीचा, दुसरा स्वेच्छेचा. ही विभागणी सोयीची आहे. मात्र मराठवाड्याच्या या कोपऱ्यातील इतिहास जरा जवळून पाहिला तर ती पुरेशी नाही, हे ध्यानात येते. घर सोडताना कोणाचा हात किती पिळला गेला, एवढ्यावरच देशत्यागाचे स्वरूप ठरत नाही. परतीचे दार उघडे राहिले की बंद झाले, आणि ते कोणी बंद केले, यावर ते अधिक ठरते.

मोगलाई आणि वऱ्हाड

पैनगंगा ही सीमा झाली ती १९४७ च्या बऱ्याच आधी. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात तो प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. कागदोपत्री वऱ्हाडवरील सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९३६ च्या करारानंतर तर तो 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' म्हणवू लागला आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. पण पदवीने नदीवर पूल बांधला जात नाही. पलीकडे इंग्रजी अंमल आणि अलीकडे 'मोगलाई', अशीच लोकांची भाषा होती. मोगल कधीच गेले होते. तरी निजामाच्या मुलखाला वऱ्हाडी माणूस मोगलाईच म्हणत राहिला.

हा फरक बोलण्यापुरता नव्हता. संस्थानाचे टपाल तिकीट वेगळे, रेल्वे वेगळी, दरबारी भाषा उर्दू आणि सरकारी वर्ष फसली. नाणेही वेगळे. इंग्रजी रुपया तो 'कलदार' आणि निजामी रुपया तो 'हाली'. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण भाव. बाजाराला नदीपलीकडे गेलेल्या शेतकऱ्याला दोन्ही हिशेब तोंडपाठ ठेवावे लागत. माल नेता-आणताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे आणि नाकेदाराची मर्जी सांभाळावी लागे. संस्थानात नोकरी हवी तर 'मुल्की' असणे, म्हणजे त्या राज्याचा रहिवासी ठरणे आवश्यक होते. मुल्की आणि गैरमुल्की हा भेद संस्थानाच्या राजकारणात अखेरपर्यंत धुमसत राहिला. थोडक्यात, एका देशाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी बहुतेक सारी यंत्रणा इथे आधीपासून उभी होती. तरीही लोक लग्नाकार्याला, बाजाराला, देवदर्शनाला सहज नदी ओलांडत होते. सीमा होती, पण तिची भीती नव्हती.

तेरा महिन्यांची सीमा

ती भीती १९४७ मध्ये आली. इंग्रज जाणार हे निश्चित झाल्यावर मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये फर्मान काढून आपले संस्थान भारतात वा पाकिस्तानात जाणार नाही, असे जाहीर केले. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठा प्रदेश आणि १९४१ च्या गणनेनुसार एक कोटी त्रेसष्ट लाखांची वस्ती असलेले हे राज्य स्वतंत्र देश म्हणून उभे राहू पाहत होते. १५ ऑगस्टला पैनगंगेच्या उत्तर तीरावर तिरंगा चढला. दक्षिण तीरावर तो चढवणे हा गुन्हा ठरला. त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. करारावरील शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने भारतीय चलनाला संस्थानात मज्जाव करणारा वटहुकूम काढला आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. नदीपलीकडचा कलदार रुपया एका रात्रीत परदेशी झाला. परकेपणाची जाणीव सामान्य माणसाला राजकीय घोषणांतून होत नाही. खिशातले नाणे दुकानदाराने नाकारले की ती होते.

दरम्यान लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखाली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. खंडणी, लूट, जाळपोळ, खून हे नित्याचे झाले. दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाने उग्र रूप घेतले. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके जाळणे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करणे हा त्याचा कार्यक्रम होता. संस्थानाच्या सीमेबाहेर, भारतीय हद्दीत, सशस्त्र कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते या लढ्याची सूत्रे हलवीत होते. नांदेड जिल्ह्याच्या दृष्टीने पैनगंगेपलीकडचा उमरखेडचा कॅम्प महत्त्वाचा. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील सरकारी बँक या कॅम्पांतील कार्यकर्त्यांनी लुटली आणि मिळालेली रक्कम लढ्याच्या कामी लावली. ही घटना मराठवाड्याच्या इतिहासात ठळक नोंदली गेली आहे.

तितक्या ठळकपणे न नोंदलेली गोष्ट म्हणजे ज्यांनी बंदूक हाती घेतली नाही, त्यांचे निघून जाणे. सीमेलगतच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे नदीपार गेली. कोणी उमरखेड-पुसदकडच्या सोयऱ्यांच्या घरी उतरले, कोणी मिळेल त्या आसऱ्याला. शेतकऱ्याचे निघणे व्यापाऱ्याच्या निघण्यासारखे नसते. व्यापारी आपली पुंजी बरोबर नेऊ शकतो. शेतकऱ्याची पुंजी जमिनीत असते आणि जमीन गाडीत घालता येत नाही. म्हणून घरातील बायका-मुले पलीकडे पाठवायची आणि एखाद्या कर्त्या पुरुषाने वा म्हाताऱ्याने ढोरे, कडबा आणि उभे पीक राखायला मागे थांबायचे, ही या निघण्याची स्वाभाविक रीत होती.

ज्यांना पलीकडे सोयरे नव्हते, ज्यांच्यापाशी गाडी-बैल नव्हते, ते कुठे जाणार? सालगडी, अलुतेदार-बलुतेदार, गावकुसाबाहेरचे दलित यांच्यापुढचा पेच अधिक अवघड होता. संस्थानातील काही दलित नेते निजामाच्या बाजूला होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून, हैदराबादमधील अस्पृश्य वर्गाने निजाम आणि इत्तेहाद यांची बाजू घेऊ नये, असे स्पष्ट बजावले होते. दोन्हीकडून ओढाताण आणि दोन्हीकडचा संशय, अशा कात्रीत हा वर्ग सापडला. सक्ती आणि स्वेच्छा यांच्या चर्चेत ही तिसरी अवस्था नेहमी निसटते. जाण्यावाचून गत्यंतर नाही आणि जाण्याची ऐपतही नाही, अशी ती अवस्था.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. फाळणीनंतरच्या दंगलींच्या धास्तीने मध्य प्रांत-वऱ्हाड, मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील असंख्य मुसलमान कुटुंबे त्याच काळात हैदराबाद संस्थानाच्या आश्रयाला आली. एका काठावरून हिंदू कुटुंबे उत्तरेला जात होती आणि दुसऱ्या काठावरून मुसलमान कुटुंबे दक्षिणेला येत होती. प्रत्येकाला समोरचा काठ सुरक्षित वाटत होता.

शब्दांची साक्ष

अशा जाण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत! 'परागंदा' हा फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ विखुरलेला. कर्ज, दुष्काळ किंवा सावकारी जाच यांमुळे रातोरात नाहीसे झालेल्या कुटुंबाला मराठीत परागंदा झाले म्हणतात. त्यात दोष कोणाचा, हे सांगितलेले नसते. वाऱ्याने पाचोळा उडावा तशी माणसे उडाली, एवढेच. 'निर्वासित' या संस्कृत शब्दात मात्र कोणी तरी घालवून देणारा गृहीत आहे. निर्वासित स्वतः निघत नाही, त्याला घराबाहेर काढलेले असते. 'स्थलांतरित' हा सरकारी कागदाला मानवणारा शब्द. त्यात माणूस जागा बदलतो, त्याचे कारण कोणी विचारत नाही. उर्दूत 'जलावतन' म्हणजे देशाबाहेर घालवलेला, आणि 'मुहाजिर' म्हणजे हिजरत केलेला. या दुसऱ्या शब्दाला धर्मासाठी घर सोडल्याच्या पुण्याची छटा आहे.

आणि 'तडीपार'! आज हा शब्द पोलीस ठाण्यापुरता उरला आहे. गुंडाला ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर काढणे, एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतो. परंतु तड किंवा तडी म्हणजे नदीचा काठ. तडीपार करणे म्हणजे काठापलीकडे घालवणे. ज्या काळी नद्या याच सरहद्दी होत्या, त्या काळाची आठवण या शब्दात शिल्लक आहे. पैनगंगाकाठच्या माणसांनी १९४७-४८ मध्ये हा शब्द अक्षरशः अनुभवला. गुन्हा न करता तडीपार होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

आंतरराष्ट्रीय कायद्याची व्याख्या याहून काटेकोर आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित तोच, जो छळाच्या सार्थ भीतीने आपल्या देशाबाहेर आला आहे आणि त्याच भीतीपोटी परतू शकत नाही वा इच्छीत नाही. भारताने या करारावर आजतागायत सही केलेली नाही. या व्याख्येचे कळीचे शब्द 'देशाबाहेर' हे आहेत. मग मार्लेगावच्या काठाला लागलेला हदगावकर देशाबाहेर आला होता काय? हैदराबादचे सरकार म्हणत होते, होय. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रारही नेली. भारत सरकार म्हणत होते, हा अंतर्गत प्रश्न आहे. ज्याने नदी ओलांडली त्याचे मन मात्र या वादात गुंतलेले नव्हते. तो स्वतःला परदेशात आलेला समजत नव्हता. आपला देश आपल्या घराच्या चार कोस पलीकडे सुरू होतो, याचीच त्याला व्यथा होती.

तीच नदी, दुसरी माणसे

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य चहूबाजूंनी संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पैनगंगेपलीकडे गेलेली कुटुंबे परतू लागली. कोणाचे घर जळाले होते, कोणाची ढोरे गेली होती, कोणाचे पीक दुसऱ्याने नेले होते. पण गाव होते, जमिनीच्या नोंदीतले नाव होते आणि मुख्य म्हणजे परत येण्यास कोणाची मनाई नव्हती. त्यांचा देशत्याग असा वर्षभरात संपला.

त्याच सुमारास दुसरा देशत्याग सुरू झाला. रझाकारांच्या पापाचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित नेहरूंनी वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. १९४८ च्या अखेरीस तिने संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घेतले होते. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही आणि तो कित्येक दशके अप्रकाशित राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, हेही समितीने आवर्जून नोंदवले आहे.

या सूडकांडात एक मोठी विसंगती दडलेली आहे. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते आणि त्यांनी त्याची किंमत मोजली होती. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा निर्घृण खून झाला. परंतु जमावाला अशी उदाहरणे आठवत नाहीत.

नांदेड, बिदर, उस्मानाबादकडच्या खेड्यांतील बरीच मुसलमान कुटुंबे गाव सोडून निघाली. बहुतेक जण फार लांब गेले नाहीत. हैदराबाद शहर किंवा जवळचे जिल्ह्याचे ठिकाण एवढाच त्यांचा पल्ला. वऱ्हाड-मध्य प्रांतातून आधी आलेल्यांना पुन्हा त्यांच्या मूळ प्रांतांत पाठवण्याचे काम सरकारने हाती घेतले. पिढ्यान् पिढ्या सावकारी करणारे रोहिले आणि निजामाच्या चाकरीतील अरब यांना तर 'परदेशी' ठरवून देशाबाहेर काढण्याचा खटाटोप सुरू झाला. यांतले कित्येक इथेच जन्मले होते. काही कुटुंबे कराचीला गेली. तेथे 'हैदराबाद कॉलनी' नावाची वस्ती आजही आहे आणि 'बहादुराबाद' हा भाग इत्तेहादचे नेते बहादूर यार जंग यांच्या नावाने ओळखला जातो.

जे कराचीला पोहोचले, त्यांच्यामागे कायद्याने दार लावून घेतले. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना आवश्यक झाला होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने, १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्या व्यक्तीला भारताचा नागरिक मानले जाणार नाही, असे ठरवले. पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेल्यांचा तेवढा अपवाद. १९५० च्या कायद्याने निघून गेलेल्यांची मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात गेली. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन देशांत पारपत्राची पद्धत आली. फाळणीच्या वणव्यात अशी पावले दोन्ही देशांनी उचलली आणि त्या काळची प्रशासकीय निकड समजण्याजोगी आहे. पण परिणाम एवढाच झाला, की भीतीपोटी काही महिन्यांसाठी गेलेला आणि कायमचा गेलेला, यांत कायद्याने फरक ठेवला नाही.

ज्यांना निवड होती

या साऱ्या उलथापालथीत ज्यांच्यापाशी सत्ता आणि साधने होती, त्यांचे काय झाले? संस्थानाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. कासिम रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटका होताच तो पाकिस्तानात निघून गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. ज्यांच्या नावे त्याने डरकाळ्या फोडल्या, ती खेड्यापाड्यांतील माणसे त्याच्याबरोबर जाऊ शकली नाहीत. जाण्याचे त्यांना कारणही नव्हते.

राजघराण्याची कथा तर अधिक विलक्षण आहे. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडची नावापुरती युवराज्ञी, 'प्रिन्सेस ऑफ बेरार' दुर्रुशेहवार, ही स्वतःच देशत्यागी होती. तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाची ती कन्या. १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाल्यावर त्या कुटुंबाला मायदेश सोडावा लागला. १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे तिचा विवाह निजामाच्या थोरल्या मुलाशी झाला. तिचा मुलगा मुकर्रम जाह याने सत्तरच्या दशकात हैदराबाद सोडून ऑस्ट्रेलियात मेंढपाळीचे विस्तीर्ण कुरण गाठले. उत्तरायुष्य त्याने तुर्कस्तानात काढले. जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूल येथे त्याचा मृत्यू झाला आणि दफनासाठी त्याचे पार्थिव हैदराबादच्या मक्का मशिदीत आणले गेले. आईला सक्तीने देश सोडावा लागला, मुलाने तो आपखुशीने सोडला आणि अखेरची माती त्याला तरीही आपल्याच गावची हवी होती. परतीचा हा मार्ग मात्र प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

कागदावरचा देश

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि पैनगंगा दोन राज्यांची सीमाही उरली नाही. हाली रुपया इतिहासजमा झाला. निजामाचे राज्य कागदावर मात्र आजही जिवंत आहे. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या प्रश्नावर २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने जो निर्णय काढला, त्याचा आधार 'हैदराबाद गॅझेटियर' हाच होता. पंचाहत्तर वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या राज्याची नोंदवही आजच्या तरुणाच्या प्रवेशाला आणि नोकरीला उपयोगी पडते, यावरून नोंदीचे मोल कळावे.

नेमक्या याच बाबतीत पैनगंगा ओलांडणाऱ्यांत भेदाभेद झाला. सीमेवरील कॅम्पांत काम केलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची पुढे निवृत्तिवेतनासाठी दखल घेतली गेली. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटील यांचे नाव आहे. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. अनंत भालेराव यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला. नरहर कुरुंदकरांनी त्याची मर्मग्राही मीमांसा केली. हे सारे यथोचितच आहे. पण मांडीवर मूल घेऊन नदी उतरलेली बाई कोणत्या यादीत सापडते? आणि सप्टेंबर १९४८ नंतर घराला कुलूप लावून हैदराबादची गाडी पकडलेल्या विणकराची नोंद कुठे आहे? एक देशत्याग अभिमानाने सांगता येतो, दुसरा कुजबुजतही सांगितला जात नाही. वेदनेच्या मोजमापात मात्र तो उणा नव्हता.

आजचे प्रस्थान

आज हदगाव परिसरातून माणसे पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला जातात. त्यांतली काही पुढे आखातात किंवा अमेरिकेत पोहोचतात. कोणी हाकलून देत नाही. तरीही पाऊस दगा देतो, वाटण्या होत होत शेत आखडत जाते, अशा वेळी घर सोडणाऱ्याची 'स्वेच्छा' कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न उरतोच. मात्र त्याच्या हाती एक गोष्ट आहे, जी पूर्वी अनेकांना नव्हती. ती म्हणजे परतीची शक्यता.

परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाचे इथले नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानुसार संपते. पण २००५ पासून त्याला 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणून नोंद करता येते. तो हवे तेव्हा येऊ शकतो, राहू शकतो. त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. न्यू जर्सीत स्थायिक झालेला मुलगा अशा रीतीने पैनगंगाकाठच्या वडिलोपार्जित वावराशी नाते राखू शकतो. आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील, आजी-आजोबा वा पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तानचे नागरिक होते, तिला ही सवलत मिळत नाही. १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तर पाकिस्तानात गेलेल्याचा वारस भारताचा नागरिक असला तरी अशा मालमत्तेवर त्याला हक्क सांगता येत नाही. राष्ट्रांच्या वैराची कारणे काहीही असोत. पणजोबाने १९४८ च्या भीतीत टाकलेले एक पाऊल चौथ्या पिढीच्या वाटेत उभे राहते, हे सत्य आहे.

म्हणून देश सोडणाऱ्या कोणाहीविषयी मत बनवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. त्याला थांबणे शक्य होते काय? आणि आज त्याला परतणे शक्य आहे काय? पहिल्याचे उत्तर बहुधा त्याच्या मनाला ठाऊक असते. दुसऱ्याचे उत्तर दुसरेच कोणी देते.

१९४८ मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली, आईचे बोट धरून पैनगंगा उतरलेली मुले आज हयात असतील तर पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हदगाव-उमरखेडच्या घरांत अशी माणसे अजून असतील. हैदराबादच्या जुन्या मोहल्ल्यांतही असतील. पहिली मराठीत बोलतील, दुसरी दखनीत. नदी तीच असेल, भीतीही बरीचशी तीच असेल. दोघांचेही ऐकून घेण्यास आणि लिहून ठेवण्यास आता फार अवधी उरलेला नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, आणि त्याहीआधी त्यांच्या नातवंडांनी, हे काम हाती घेतले पाहिजे. जी नोंद आज होणार नाही, ती उद्याच्या कोणत्याही गॅझेटियरमध्ये शोधून सापडणार नाही.